कापलेल्या फुलाची जागा : रुस्तम पाशा मशिदीच्या कामाच्या नोंदी

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार. इस्तंबूल

दोनदा समोरून गेलो तरी मशीद सापडली नाही. मसाल्याच्या बाजाराला लागून हसिरजिलार नावाची गल्ली आहे. हसिर म्हणजे चटई, म्हणजे ही एके काळची चटईवाल्यांची आळी. आता तिथे भाजलेली कॉफी, सुका मेवा, गाळण्या, लाकडी डाव, साबणाच्या वड्या असं सगळं मिळतं. पुण्यात बोहरी आळीत दुपारी बाराला पाऊल ठेवायला जागा नसते, तशीच गर्दी. शेवटी भाचा म्हणाला, "मावशी, खाली कुठे शोधतेस? वर बघ." दुकानांच्या डोक्यावर घुमट होता.

दोन दुकानांच्या मधून दगडी जिना वर जातो. अरुंद, अंधारा, मध्येच वळलेला. वर पाऊल ठेवलं आणि गल्लीचा कालवा एकदम पायाखाली राहिला. समोर मोकळी गच्ची, खांबांची ओसरी, आणि ओसरीच्या आत निळी भिंत. सामान खाली ठेवायचंही सुचलं नाही.

हे असं उंचावर बांधण्यामागे हिशेब आहे. बंदराजवळची, बाजारपेठेतली दाट वस्तीची जागा. ऑटोमन दरबाराचा मुख्य वास्तुकार मिमार सिनान, त्यानं खाली कमानदार छपरांची दुकानं बांधली आणि त्यांच्या पाठीवर मशीद उचलून धरली. दुकानांचं भाडं वक्फात, म्हणजे धर्मादाय निधीत जायचं, त्यावर मशिदीचा खर्च चालायचा. उंचीमुळे मशिदीला उजेड आणि वारा मिळाला, बंदरातून येणाऱ्यांना घुमट दिसू लागला. हात-पाय धुवायची सोय मात्र खाली रस्त्याच्या पातळीवर आहे, कारण वर तेवढी जागाच नाही.

काम काय आहे ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. इथल्या चिनीमातीच्या टाइल्सपैकी पाच नक्ष्या मूळ मापात कागदावर उतरवायच्या. मग पुण्याला माझ्या भट्टीत त्यांतली एक नक्षी भाजून मीटरभर लांब-रुंद भिंतीचा तुकडा उभा करायचा. जानेवारीत विद्यार्थ्यांची कार्यशाळा आहे, त्यांना हा तुकडा हाताळायला द्यायचाय. इथल्या टाइलला हात लावायचा नाही, छाप घ्यायचा नाही, ही अट मीच स्वतःला घातली आहे. डोळा, कॅमेरा, जमिनीवर पसरलेली टेप आणि मोजणी एवढ्यावर भागवायचं.

१० ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर ओसरीत. तुर्कीत हिला "सोन जेमाअत येरी" म्हणतात, म्हणजे नमाज सुरू झाल्यावर पोचणाऱ्यांची जागा. आतली ओळ पाच छोट्या घुमटांची, तिच्यापुढे उतरत्या छपराची आणखी एक ओळ. त्यामुळे टाइलच्या भिंतीवर थेट ऊन कधी पडत नाही, गच्चीच्या फरशीवरून परतलेला मऊ उजेड तेवढा येतो. चकचकीत पृष्ठभाग वाचायला याहून चांगला उजेड नाही.

शब्दांनी आज फार सुख दिलं. टाइलला इथे "चिनी" म्हणतात, आपली चिनीमाती तीच. नक्षी काढणारा "नक्काश", रंगवायचं ते "कलम", खालची दुकानं "दुक्कान". भाच्याला दुपारपर्यंत बाजारातले वीसेक शब्द आपसूक कळायला लागले होते.

मुख्य दाराच्या डाव्या हाताला ओसरीत एक मोठा पट आहे, त्यापाशी दोन तास बसले. बाकीच्या भिंतींशी त्याचे रंग जुळत नाहीत. त्यात करडट, ऋषीपंचमीच्या भाजीसारखा शिजलेला हिरवा आहे आणि वांग्याच्या सालीसारखा गडद जांभळा. जांभळा मँगनीजपासून येतो. ही इझनिकच्या, म्हणजे या टाइल्स जिथे झाल्या त्या गावच्या कारागिरांची आधीच्या काळातली रंगपेटी. दाराच्या आत गेलं की हे दोन्ही रंग गायब होतात आणि त्यांच्या जागी लाल येतो. एका उंबरठ्याच्या अंतरात दोन काळ शेजारी शेजारी बसलेत. इथे येणारे बहुतेक लोक या पटावरून नजर फिरवून आत जातात. मला विचाराल तर आत जाण्याआधी पाच मिनिटं इथे उभं राहावं, आतला लाल किती नवा होता ते त्याशिवाय कळत नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

आज आतलं माप. भाचा आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, त्यामुळे हा भाग त्याच्याकडे. नमाजांच्या मधल्या वेळात, मागच्या कठड्याच्या अलीकडून.

घुमट साधारण १५ मीटर व्यासाचा. इस्तंबूलच्या मानानं लहान. वर चढावरची सुलेमानिये मशीद सिनाननंच बांधली, तिचा घुमट साडेसव्वीस मीटरचा आहे. पण इथे गंमत आधारांची आहे. घुमट आठ आधारांवर बसलाय. चार सुटे, अष्टकोनी खांब आहेत, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. उरलेले चार आधार भिंतींतून पुढे आलेत, दोन किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीतून आणि दोन प्रवेशाच्या. आठ आधारांवर आठ कमानी, आणि चार तिरप्या कोपऱ्यांत चार अर्धघुमट. सुलेमानियेत अर्धघुमट मुख्य अक्षावर आहेत, पुढे आणि मागे. इथे ते कोपऱ्यांत सरकवले, त्यामुळे समोरची भिंत घुमटाच्या अगदी जवळ आली आणि सपाट राहिली.

भाच्यानं वहीत आधी आयत काढला, त्यात अष्टकोन, अष्टकोनात वर्तुळ. मग म्हणाला, "चौकोनावरून गोलावर जायला मधे अष्टकोनाचा जिना ठेवलाय." विजापूरला गोलघुमटात त्याला हेच समजावून सांगताना माझी दमछाक झाली होती. तिथे कमानी एकमेकींना छेदून वर जातात, इथे त्या हात धरून गोल उभ्या आहेत.

अष्टकोनाचा हा विचार सिनाननं पुढे एदिर्ने शहरातल्या सेलिमिये मशिदीत नेला. १५७४-७५ च्या सुमाराला ती पुरी झाली, तिचा ३१ मीटरच्या वरचा घुमटही आठ खांबांवरच आहे. तिथे खांब भिंतींकडे ढकलले गेले आणि मधली सगळी जागा एकसंध झाली. इथे अजून उजव्या-डाव्या बाजूंना सज्जे आहेत, त्यांच्या खाली संगमरवरी बारीक खांब आहेत, जागा थोडी तुटते. सिनान तेव्हा सत्तरीत होता. सत्तरीतला माणूस बाजारातल्या अडचणीच्या जागेवर नवा आकृतिबंध तपासून बघतोय, हे मला फार मोठं वाटतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

माझं खरं काम आज सुरू झालं.

टाइल चौकोनी, बाजू साधारण पंचवीस सेंटिमीटर. कुठे थोडी कमी, कारण हातानं केलेली आहे. मी निवडलेल्या पहिल्या नक्षीत टाइलच्या मध्यभागी एक मोठं, काल्पनिक, कमळासारखं फूल आहे. अशा फुलाला "हाताई" म्हणतात. चारही कोपऱ्यांत त्याच जातीच्या दुसऱ्या फुलाचा पाव-पाव भाग. चार टाइल्स एकत्र आल्या की चार पाव मिळून एक फूल पुरं होतं. डाव्या कडेला पानाचं अर्धं पातं संपतं, ते शेजारच्या टाइलच्या उजव्या कडेपासून पुढे चालू होतं. म्हणजे टाइल सुटी पाहिली तर अपुरी, आणि भिंतीवर पाहिली तर कुठे सुरू झाली ते कळू नये, अशी योजना.

रंगवणाऱ्यानं हे इझनिकला बसून केलं. इझनिक इथून आग्नेयेला, तळ्याकाठचं गाव, नव्वदेक किलोमीटरवर. नमुने राजधानीतल्या दरबारी नक्काशखान्यातून जात. त्या काळी तिथे कारा मेमीचा हात चालत होता, ट्युलिप, कार्नेशन, हायसिंथ, गुलाब ही बागेतली ओळखीची फुलं नक्षीत आणण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. त्याच्या आधीचा शाहकुलू लांब, दातेरी, वळसे घेणाऱ्या पानांचा उस्ताद होता. इथल्या भिंतींवर दोघांच्या वळणाची नक्षी एकत्र दिसते, दातेरी पानाच्या कुशीत ट्युलिप.

पण भिंत इझनिकला नव्हती. भिंत इथे होती, तिला खिडक्या होत्या, कमानी होत्या, कोपरे होते. पंचवीस सेंटिमीटरच्या पटीत कुठलीच भिंत बसत नाही. मग कुठून सुरुवात करायची? मधून सुरू केलं तर दोन्ही कडांना सारखा तुकडा कापावा लागतो. एका कडेनं सुरू केलं तर दुसऱ्या कडेला जे उरेल ते. कमानीपाशी चौकोनी टाइल बाकदार कापावी लागते, आणि तिथे एखाद्या फुलाचा जीव जातोच. हे सगळं गवंड्यानं ठरवलं, रंगवणाऱ्यानं नाही. आज दिवसभर मी फक्त कापलेल्या टाइल्स बघितल्या. टाइल्स एवढ्या आहेत, सुमारे ऐंशी वेगवेगळ्या नक्ष्या आणि दोन हजारांवर टाइल्स सांगतात, की माणसाचा डोळा फुलांवरच जातो. मला आता कडा दिसू लागल्या आहेत.

सगळीकडे कडेनं पट्टीची टाइल आहे, लांबट, वेगळ्या नक्षीची. साडीला काठ असतो तसा काठ. तो शोभेसाठी आहेच, पण त्याचं दुसरं काम मला आज कळलं. आतली नक्षी जिथे कापली जाते ती जागा काठ झाकत नाही, तो तिथे नक्षीला थांबायची परवानगी देतो. फूल अर्धं कापलेलं असलं तरी काठाच्या मागे गेल्यासारखं वाटतं, तुटल्यासारखं वाटत नाही. खिडकीतून बागेकडे बघताना चौकटीनं झाड कापलं म्हणून कुणी हळहळत नाही, तसं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

जुम्मा. काम बंद. दुपारी गच्चीवरसुद्धा सतरंज्या अंथरल्या होत्या, खालच्या दुकानांतले लोक घाईघाईनं जिना चढून येत होते. आम्ही कडेला थांबलो. गर्दी पांगल्यावर एक म्हातारे गृहस्थ, रोज मला वहीत खरडताना बघणारे, जवळ आले आणि बोटानं आधी माझी वही, मग दाराच्या वरची टाइल दाखवून काहीतरी म्हणाले. भाच्यानं फोनवर भाषांतर काढलं : ती हिरवी बघितलीस का?

बघितली नव्हती. पाच दिवस त्याच दारातून ये-जा करत होते.

१४ ऑक्टोबर, शनिवार

ते बरोबर होते. दारावरच्या पटात पाचूसारखा स्वच्छ हिरवा आहे. आत सगळीकडे शोधला, नाही. आत पानं निळी आहेत किंवा फिरोजी. पाचूचा हिरवा इझनिकला जरा नंतर हाती आला, म्हणून तो पट मागाहून बसवलेला असणार हे सरळ दिसतं. ते गृहस्थ आज दिसले नाहीत. त्यांना वही दाखवायची राहिली.

आता लाल. टाइलजवळ तिरप्या उजेडात डोळा नेला की कळतं, लाल उठून आलेला असतो. निळा काचेखाली सपाट, पाण्यात विरघळल्यासारखा. फिरोजी तसाच. लाल मात्र पुरणासारखा थापलेला, त्याची जाडी दिसते, कडेला बारीक सावली पडते. हा लोहयुक्त माती, ज्याला आर्मेनियन बोल म्हणतात, तिचा लाल. तो झिलईत नीट विरघळत नाही, आणि विरघळला तर तपकिरी होतो. म्हणून त्याचा जाड थर द्यावा लागतो. १५५७ ला पुऱ्या झालेल्या सुलेमानियेत तो टाइलवर पहिल्यांदा आला, आणि इथे, चार-सहा वर्षांनी, कारागिरांचा हात बसल्यावर तो भिंतभर पसरला. पण पसरला तरी जपून. एका फुलात दोन पाकळ्या, एका पानाचा देठ, ढगाच्या वळसेदार फितीचं एक टोक. मी एका टाइलवर मोजलं, लालचे सतरा ठिपके, सगळे मिळून माझ्या तळव्यात मावतील एवढे. तरी चार पावलांवरून भिंत लालसर निळी दिसते.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज घटस्थापना. सकाळी घरी फोन. खालचा बाजार बंद, गल्ली ओळखू येईना.

चढ चढून सुलेमानियेला गेलो, रंग ताडून बघायला. तिथे टाइल फक्त किब्ल्याच्या भिंतीवर, मिहराबाच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या दोन बाजूंना. बाकी दगड, उजेड आणि उंची. सिनानची नेहमीची पद्धत हीच, टाइल कमी आणि नेमक्या जागी. १५७१-७२ च्या सोकोल्लू मेहमेद पाशाच्या मशिदीतही त्यानं समोरच्या भिंतीवर टाइलचा भर दिला आणि बाजूच्या भिंती जवळपास उघड्या ठेवल्या. मग रुस्तम पाशाच्या मशिदीतच हा पूर का? रुस्तम ऑटोमन सुलतान सुलेमानचा वजीर आणि जावई, दोनदा महावजीर झालेला, पैशाच्या व्यवहारात अत्यंत जागरूक म्हणून ओळखलेला माणूस. १५६१ च्या जुलैत तो गेला, मशीद त्यानंतर पुरी झाली. त्याची बायको मिहरीमाह सुलतान, सुलेमानची मुलगी, स्वतः दोन मोठ्या मशिदी बांधवून घेणारी. पैसा होता, दरबार जवळ होता, इझनिकच्या भट्ट्या ऐन भरात होत्या.

काही जाणकार म्हणतात की इथे टाइलनं वास्तू झाकून टाकली. मला हे पटत नाही. सुलेमानियेच्या मधोमध उभं राहिलं तर टाइल पन्नास पावलांवर असते. तिथे एवढी नक्षी केली असती तर तिचा नुसता निळा धूर दिसला असता. इथे कुठेही उभे राहा, एखादी भिंत किंवा खांब दहा पावलांच्या आत असतो. जागा लहान आहे म्हणून नक्षी वाचता येते. ज्यानं आठ आधार जवळ आणले, त्यानंच फुलं डोळ्याजवळ आणली.

१६ ऑक्टोबर, सोमवार

मिहराब. कोनाडा बहुकोनी आहे, प्रत्येक पाखीवर कलश, आणि कलशातून वर जाणारी फुलं. इथे पाव-पाव फुलांचा खेळ नाही. ही चित्रं या जागेसाठीच बेतलेली, वरची टाइल वरच, खालची खालीच. घटाचे दिवस, त्यामुळे कलश बघून आत काहीतरी हललं. लिहून ठेवते, एवढंच.

दुपारी ओसरीच्या भिंतीचा नकाशा पुरा करताना मोठी चूक सापडली. एका खिडकीच्या वरची रांग मी आठ टाइल्सची धरली होती, ती साडेसात निघाली. परत मोजलं. अर्धी टाइल मधेच होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंची नक्षी जुळत नव्हती. डावीकडच्या पानाचं पातं तिच्या कडेला येऊन संपतं, तिच्यावर वेगळंच फूल. म्हणजे ती इथली नाही. १६६० च्या आगीत आणि १७६६ च्या भूकंपात या मशिदीनं मार खाल्ला, घुमट आणि मिनार पुन्हा करावे लागले. घुमटाच्या आतली रंगवलेली नक्षी त्यामुळे नंतरची आहे, टाइलच्या भाषेशी तिचं जमत नाही. ओसरीतही कुणीतरी पडलेली जागा हाताला लागेल त्या टाइलनं भरली. त्या माणसाकडे जुळणारी टाइल नव्हती, पण मापानं बसणारी होती. त्यानं ती सरळ, समपातळीत, नीट बसवली.

मी ती अर्धी टाइल नकाशात आहे तशी काढली आहे. नक्षी "दुरुस्त" करून काढायची नाही, भाच्याला तसं बजावलं. तो म्हणाला, "मावशी, शीट घाण दिसेल." दिसू दे.

१८ ऑक्टोबर, बुधवार

शेवटचा दिवस. पाच नक्ष्या झाल्या, फोटो सहाशेच्या वर, मापांच्या दोन वह्या. हिरवीबद्दल सांगणारे गृहस्थ आज भेटले. वही दाखवली. त्यांनी कापलेल्या टाइल्सची पानं सावकाश उलटली, एका पानावर थांबले, उठले आणि मला हातानं खूण करून ओसरीच्या उजव्या टोकाला घेऊन गेले. तिथे खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक बोटभर रुंदीची फट टाइलच्याच चिरफळीनं भरली होती. चिरफळीवर एका पाकळीचं टोक, आणि ते शेजारच्या पाकळीशी जुळत होतं. कुणीतरी ढिगातून शोधून तेवढाच तुकडा निवडला होता.

६ नोव्हेंबर, सोमवार. पुणे

स्टुडिओत. माती कालवायला घेतली. हिला माती म्हणणं तसं चूक आहे. इझनिकच्या टाइलचं अंग म्हणजे बहुतांश दळलेली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, त्यात फ्रिट, म्हणजे वितळवून दळलेली काच, आणि थोडी पांढरी चिकणमाती. हाताला ओल्या रव्यासारखी लागते, वळत नाही, दाबली तर राहते, ओढली तर तुटते. चाकावर चढवण्याचा प्रश्नच नाही. स्टुडिओतले काका तीस वर्षं लाल मातीत हात घालतायत, त्यांनी मूठ आवळली, सोडली आणि म्हणाले, "ताई, हिला लळाच नाही." साच्यात ठोकून बसवायचं ठरलं.

एवढ्या अवघड मातीचा अट्टाहास का, तर झिलईसाठी. झिलई तापून थंड होताना आकसते, अंगही आकसतं. दोघांचं प्रमाण जुळलं नाही तर झिलईला जाळीदार तडे जातात. क्वार्ट्झ जास्त असलेलं अंग सोडा-शिशाच्या झिलईबरोबर जवळजवळ सारखं आकसतं, म्हणून साडेचारशे वर्षांनीही तिथल्या कितीतरी टाइल्सचा चेहरा नितळ आहे. मी शिसं वापरणार नाही, विद्यार्थी हाताळणार आहेत. बिनशिशाची फ्रिट घेतली, त्यामुळे ही हुबेहूब प्रत होणार नाही हे आधीच मान्य.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी आटोपली, भट्टी लावली. पहिल्या बारा चाचण्या, दहा सेंटिमीटरच्या. ९०० अंशांच्या आसपास. निळा उत्तम. फिरोजी उत्तम, तांबं क्षाराच्या झिलईत फिरोजीच येतं, शिसं वाढलं तर ते हिरव्याकडे झुकतं. काळ्या रेषा दोन ठिकाणी ओघळल्या. लाल बाराही टाइल्सवर मेला. विटकरीसुद्धा नाही, चहाच्या डागासारखा.

५ डिसेंबर, मंगळवार

लाल पुन्हा. थर दुप्पट केला, मातीत बारीक क्वार्ट्झ मिसळलं. भट्टी उघडली तर रंग आला होता, पण सहा टाइल्सवर लाल पापुद्र्यासारखा सुटला. जाड थर वाळताना आकसतो आणि खालच्या पांढऱ्या लेपाची पकड सोडतो. म्हणजे जाड हवा, पण एका दमात नको. काकांनी सुचवलं, घराच्या भिंतीला गिलावा देतो तसा दोन हातांनी द्या, पहिला हात अर्धवट ओला असतानाच दुसरा.

आज नक्षी उतरवायची रीतही बसली. कागदावर रेघेनं रेघ टाचणीनं भोकं पाडायची, कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. इझनिकचे कारागीर हेच करत. आपल्याकडे भरतकामवाले भोकं पाडलेल्या ट्रेसिंग पेपरवरून अशीच नक्षी कापडावर उतरवतात, त्यामुळे स्टुडिओत कुणालाच शिकवावं लागलं नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार

लाल लागला. दोन हातांचा गिलावा, सावकाश वाळवण, भट्टी हळू चढवली. सोळांपैकी अकरा टाइल्सवर टोमॅटोचा लाल, उजेडात तिरपी धरली की उठून दिसतो. काकांनी बोट फिरवून बघितलं आणि माझ्या बोटाखाली टाइल सरकवली. इस्तंबूलला दहा दिवस ज्याला हात लावला नव्हता तो उंचवटा आज बोटाला लागला.

पाच टाइल्स बाद. त्या टाकल्या नाहीत.

७ जानेवारी २०२४, रविवार

भिंतीचा तुकडा आज बसला. उभ्या चार रांगा, आडव्या साडेतीन, आणि दोन बाजूंना काठ. चौथी टाइल मुद्दाम अर्धी कापली, कारण कापल्याशिवाय हा तुकडा त्या भिंतीचा झालाच नसता. कडा मागच्या बाजूला किंचित तिरप्या घासल्या, म्हणजे समोरून सांधा केसाएवढा राहतो आणि मागे चुन्याला जागा मिळते.

कापायची कुठे यावर भाच्याबरोबर तासभर वाद झाला. त्याचं म्हणणं, बरोबर मध्यावर, म्हणजे मोठं फूल सारखं दुभंगेल. मी वही उघडून ओसरीच्या खिडकीचं पान काढलं. तिथे मध्यापासून दोन बोटं अलीकडे कापलं होतं. फुलाचा गाभा अख्खा ठेवून फक्त बाहेरच्या पाकळ्या काठाखाली घातल्या होत्या. भाच्यानं पेन्सिलनं दोन्ही रेषा टाइलवर काढल्या, मागे सरकून बघितलं, पहिली पुसली.

कटर काकांनी चालवला. तुकडा बसवला, काठ लावला. एका सांध्यात पानाचं पातं दोन मिलिमीटरनं चुकलंय, डावीकडून तिसरी, वरून दुसरी. उद्या चुना ओला असेपर्यंत हलवून बघायचं. नाही हललं तर बाद झालेल्या पाचांतून त्या पात्याची चिरफळी शोधायची.